लुब्यांका
लुब्यांका : रशियाची राजधानी मॉस्को येथील एक इतिहासप्रसिद्ध इमारत व सोव्हिएट गुप्त पोलीस यंत्रणेचे मुख्यालय. क्रेमलिनच्या ईशान्येस सु. १ किमी. अंतरावर, लुब्यांका चौकाच्या ईशान्य बाजूस ती उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका खाजगी विमा कंपनीने ती भाड्याने देण्यासाठी बांधली. १९१९ मध्ये ती चेका या क्रांतिकालीन पोलीस संघटनेच्या ताब्यात आली व तेव्हापासून जीपीयू, ओजीपीयू, एनकेव्हीडी, एमजीबी आणि केजीबी या तिच्या उत्तराधिकारी संघटनांचे कार्यालय तेथेच राहिले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या रशियाच्या संघीय सुरक्षा सेवेचाही कारभार याच वास्तूतून चालतो. संघटनेचे नाव वारंवार बदलले. पत्ता मात्र बदलला नाही. त्यामुळे ‘लुब्यांका’ हे मूळचे स्थलनाम इमारतीचे, तिच्यातील तुरुंगाचे आणि खुद्द यंत्रणेचेही नाव म्हणून रशियन भाषेत व रशियाबाहेर रूढ झाले. इमारतीचा आजचा एकसंध दर्शनी भाग एकाच वेळी बांधलेला नाही. १८९७ ते १९८३ या शहाऐंशी वर्षांत तो टप्प्याटप्प्याने घडला. या टप्प्यांत सोव्हिएट सत्तेच्या वाढीचा, तिच्या दहशतीचा व तिच्या उत्तरकाळाचा इतिहास वाचता येतो.

स्थळ व नाव : लुब्यांका हे नाव पंधराव्या शतकापासून आढळते. मॉस्कोचा राजा तिसरा ईव्हान याने १४७८ मध्ये नॉव्हगोरॉडचे प्रजासत्ताक खालसा केले व तेथील अनेक कुटुंबे मॉस्कोत आणून वसविली. नॉव्हगोरॉडमधील लुब्यानित्सा या रस्त्याच्या नावावरून या नव्या वस्तीस लुब्यांका हे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे कितायगोरॉड या व्यापारी पेठेभोवती तटबंदी उभारण्यात आली. चौकाची जागा या तटाला लागूनच होती. मितिश्ची येथून आणलेले नळाचे पाणी शहरास पुरविण्यासाठी १८३५ मध्ये चौकाच्या मध्यभागी ईव्हान व्हितालीने घडविलेले कारंजे बसविण्यात आले. पखाली, गाड्या व पिंपे घेऊन येणाऱ्या पाणक्यांची आणि भाड्याच्या घोडागाड्यांची तेथे सतत वर्दळ असे. एकोणिसाव्या शतकात भोवतालच्या रस्त्यांवर पुस्तकांची दुकाने, खाणावळी, प्रवासी निवास व विमा कंपन्यांच्या कचेऱ्या यांची दाटी झाली. गुप्त पोलिसांची वसाहत होण्यापूर्वी लुब्यांका हा मॉस्कोतील व्यापारउदिमाचा एक गजबजलेला भाग होता.

विमा कंपनीची इमारत : ‘रोसिया’ ही विमा कंपनी १८८१ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे स्थापन झाली. विम्याच्या हप्त्यांतून जमणारे भांडवल सुरक्षितपणे गुंतविण्याचा एक मार्ग म्हणून मोठ्या शहरांत भाड्याच्या इमारती बांधण्याचे धोरण तिने स्वीकारले. त्यानुसार १८९४ मध्ये कंपनीने लुब्यांका चौकावरील मोक्याची जागा विकत घेतली. अलेक्सांद्र ईव्हानोव्ह व निकोलाय प्रोस्कुर्निन या वास्तुशिल्पज्ञांची नावे या बांधकामाशी निगडित आहेत. १८९७ मध्ये काम सुरू होऊन विसाव्या शतकाच्या प्रारंभी मलाया लुब्यांका या अरुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांस दोन स्वतंत्र पण एकमेकींशी मिळत्याजुळत्या शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या.

पिवळसर विटांच्या या इमारतींवर बरॉक व प्रबोधनकालीन वास्तुशैलींतील अलंकरणाचे मिश्रण होते. छपरावर मनोरे होते. मधल्या भागी घड्याळ होते व त्याच्या दोन्ही बाजूंस न्याय आणि सांत्वन यांची प्रतीके असलेल्या दोन स्त्रीमूर्ती बसविल्या होत्या. संकटात सापडलेल्यास वेळीच आधार मिळेल, असे आश्वासन विमा व्यवसायास साजेशा भाषेत त्या देत होत्या. तळमजल्यावर दुकानांचे गाळे व वरच्या मजल्यांवर सुखवस्तू कुटुंबांसाठी अनेक खोल्यांची प्रशस्त बिऱ्हाडे अशी अंतर्गत रचना होती. अंगणात प्रवाशांना भाड्याने देण्याच्या खोल्यांची एक वेगळी इमारत होती. चार बाजूंनी वेढलेल्या व रस्त्यावरून न दिसणाऱ्या या आतल्या इमारतीला पुढे अनपेक्षित महत्त्व आले.

चेकाचे आगमन : ऑक्टोबर क्रांतीनंतर २० डिसेंबर १९१७ रोजी पेट्रोग्राड येथे प्रतिक्रांती व घातपात यांविरुद्ध लढण्यासाठी ‘अखिल रशियन असाधारण आयोग’ स्थापण्यात आला. आद्याक्षरांवरून तो ‘चेका’ या नावाने ओळखला जातो. फेलिक्स झेर्झिन्स्की (१८७७–१९२६) हा मूळचा पोलिश क्रांतिकारक त्याचा पहिला अध्यक्ष होता. मार्च १९१८ मध्ये सोव्हिएट शासनाने राजधानी मॉस्कोस हलविली, तेव्हा चेकाने बोल्शाया लुब्यांका रस्त्यावरील ११ क्रमांकाच्या इमारतीत आपले कार्यालय थाटले. ही इमारतही ‘याकोर’ नावाच्या एका विमा कंपनीची होती.

नोव्हेंबर १९१८ मधील हुकमान्वये विमा व्यवसाय ही राज्याची मक्तेदारी झाली व खाजगी कंपन्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. रोसिया कंपनीच्या इमारतीतील भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले आणि १९१९ च्या उत्तरार्धात तिचा काही भाग चेकाच्या एका खात्यास मिळाला. यादवी युद्धाच्या धामधुमीत चेकाचा पसारा झपाट्याने वाढत होता व लवकरच मध्यवर्ती कार्यालय तेथे आले. मुख्यालयाची ही निवड एखाद्या पूर्वयोजनेतून झालेली नव्हती. शहराच्या मध्यभागी, शासनाच्या कचेऱ्यांजवळ, मजबूत बांधणीची व मोठ्या अंगणाची रिकामी झालेली इमारत हाती होती, एवढेच त्यामागील तात्कालिक कारण होते.

या बदलावर मॉस्कोवासीयांनी केलेला एक विनोद प्रसिद्ध आहे. रशियन भाषेत ‘स्त्राख’ म्हणजे भीती. विमा या अर्थाचा शब्दही याच धातूपासून बनलेला आहे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी विमा संस्थेचे ‘गोस्स्त्राख’ हे संक्षिप्त नाव ‘सरकारी भीती’ असेही वाचता येई. त्यावरून ‘पूर्वी येथे गोस्स्त्राख होते, आता गोसउझास आहे’, म्हणजे भीतीची जागा आता सरकारी थरकापाने घेतली आहे, असे लोक खाजगीत म्हणत. मॉस्कोतील सर्वांत उंच इमारत लुब्यांकाच होय, कारण तिच्या तळघरातून सायबीरिया दिसतो, ही दुसरी उक्तीही अशीच सर्वतोमुखी झाली.

अंतर्गत तुरुंग : अंगणातील प्रवासी खोल्यांच्या इमारतीचे १९२० मध्ये तुरुंगात रूपांतर करण्यात आले. मुख्यालयाच्या पोटात असल्यामुळे त्यास ‘अंतर्गत तुरुंग’ असे म्हणत. १९३० नंतरच्या दशकात वर मजले चढवून ही इमारत सहा मजली करण्यात आली. लुब्यांकाचा तुरुंग तळघरात होता, हा लोकसमज या दृष्टीने बरोबर नाही. त्याची खरी भीषणता खोलीत नसून आडोशात होती. चौकातून जाणाऱ्यास ही इमारत दिसत नसे आणि कैद्यासही शहर दिसत नसे. खिडक्यांवर बाहेरून पत्र्याची झापडे बसविलेली असल्याने आकाशाची केवळ एक पट्टी दृष्टीस पडे. फिरण्यासाठी कैद्यांना गच्चीवर नेत. तेथेही उंच भिंतींनी वेगवेगळे कप्पे पाडलेले होते. शहराचा आवाज ऐकू येई, पण शहर दृष्टीस पडत नसे.

हा तुरुंग शिक्षा भोगण्याचा नव्हता, तर चौकशीचा होता. महत्त्वाच्या आरोपींना तपास पूर्ण होईपर्यंत तेथे ठेवीत व नंतर बुतीर्का, लेफोर्तोव्हो यांसारख्या अन्य तुरुंगांत, श्रमछावणीत किंवा वधस्थानी पाठवीत. चौकशी अधिकाऱ्यांच्या खोल्या व कोठड्या एकाच वास्तुसमूहात असल्याने दिवसा किंवा मध्यरात्री केव्हाही कैद्यास बोलावून घेता येई. रात्रभर चौकशी व दिवसा झोपण्यास मनाई, ही पद्धत सर्रास वापरली जाई. कोठडीतील दिवा रात्रीही जळत असे. एका प्रकरणातील कैदी दुसऱ्याच्या दृष्टीस पडू नये, म्हणून त्यास नेताना पहारेकरी जिभेने टकटक आवाज करीत किंवा कमरपट्ट्यावर किल्ली आपटीत. समोरून तसाच आवाज आल्यास एका कैद्यास भिंतीकडे तोंड करून उभे करीत अथवा वाटेवरील अरुंद कपाटवजा खोलीत कोंडीत. भाड्याच्या बिऱ्हाडांसाठी बांधलेले लांब मार्गिकांचे जाळे अशा रीतीने माणसांना परस्परांपासून तोडण्याच्या कामी आले. अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यास फेब्रुवारी १९४५ मध्ये युद्धआघाडीवर अटक करून येथे आणण्यात आले होते. त्याच्या द गुलाग आर्किपेलागो या ग्रंथात या दिनक्रमाचे तपशीलवार वर्णन आढळते. कैद्यांना मिळणाऱ्या पुस्तकांचा संग्रह मात्र उत्तम होता, असेही त्याने नमूद केले आहे. बाहेर ज्यांच्या वाचनावर बंदी होती अशी काही पुस्तके येथील कोठडीत वाचावयास मिळत.

या इमारतीतून गेलेल्यांत सर्व प्रकारचे लोक होते. बोल्शेव्हिकांचा कट्टर विरोधक बोरीस साविन्कोव्ह याचा ७ मे १९२५ रोजी येथील खिडकीतून पडून मृत्यू झाला. ती आत्महत्या होती असे जाहीर करण्यात आले, तथापि त्याविषयी मतभेद आहेत. कवी ओसिप मांदेल्श्ताम यास स्टालिनवर लिहिलेल्या एका उपहासात्मक कवितेबद्दल मे १९३४ मध्ये येथे आणण्यात आले. लेनिनचा सहकारी व पक्षाचा सिद्धांतकार निकोलाय बुखारिन हा १९३७–३८ मध्ये खटला उभा राहीपर्यंत वर्षभर येथे होता. कथाकार इसाक बाबेल यास मे १९३९ मध्ये अटक झाली व जानेवारी १९४० मध्ये गोळी घालण्यात आली. पिकांच्या मूलस्थानांचे संशोधन करणारा जगन्मान्य वनस्पतिवैज्ञानिक निकोलाय वाव्हिलोव्ह हा ऑगस्ट १९४० मध्ये पकडला गेला. लुब्यांकातील दीर्घ चौकशीनंतर त्यास सराटॉव्हच्या तुरुंगात धाडण्यात आले व तेथे जानेवारी १९४३ मध्ये त्याचा अंत झाला. बूडापेस्टमध्ये हजारो ज्यूंचे प्राण वाचविणारा स्वीडिश राजनैतिक अधिकारी राऊल वालेनबेर्य हा १७ जुलै १९४७ रोजी येथे हृदयविकाराने मरण पावला, असे सोव्हिएट शासनाने १९५७ मध्ये कळविले. परंतु या निवेदनावर त्याच्या कुटुंबीयांनी विश्वास ठेवला नाही. नामवंतांची ही यादी मोठी असली, तरी ज्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत अशा सामान्य माणसांची संख्या तिच्याहून कितीतरी पटींनी अधिक होती. १९३७ व १९३८ या दोन वर्षांत देशभर राजकीय आरोपांवरून ६,८१,६९२ व्यक्तींना मृत्युदंड देण्यात आला, असे खुद्द सोव्हिएट यंत्रणेच्याच कागदपत्रांवरून दिसते. या मोहिमेचे हुकूम याच इमारतीतून सुटत होते.

हुकूम सोडणारेही सुरक्षित नव्हते. १९३४ ते १९५३ या काळात या यंत्रणेचे प्रमुखपद भूषविणाऱ्या गेन्रिख यागोदा, निकोलाय येझोव्ह, लाव्हरेंती बेरिया, व्स्येव्होलोद मेर्कुलोव्ह व व्हिक्तोर आबाकुमोव्ह या पाचही जणांना पुढे गोळी घालून ठार मारण्यात आले.

विस्तार व श्चुसेव्हचा आराखडा : कामाचा व्याप वाढला तशी जागा अपुरी पडू लागली. १९३० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी जुन्या इमारतीच्या पाठीमागे फुर्कासोव्ह गल्लीच्या बाजूस अर्काडी लांगमान व ईव्हान बेझ्रुकोव्ह यांच्या आराखड्यानुसार नवा भाग बांधण्यात आला. तो त्या काळच्या रचनावादी शैलीतील साधा व अलंकरणरहित होता. जुन्या भागावरही दोन मजले चढविण्यात आले. परिणामी मुख्यालयाच्या एका अंगास व्यापारी काळातील नक्षीकाम व दुसऱ्या अंगास सपाट आधुनिक भिंती असे विसंगत रूप प्राप्त झाले. स्टालिन काळातील शासकीय वास्तूंना अपेक्षित असलेला भारदस्तपणा त्यात नव्हता.

१९३९ च्या सुमारास संपूर्ण वास्तुसमूहाला एकच दर्शनी रूप देण्याचे काम अलेक्सेई श्चुसेव्ह (१८७३–१९४९) याच्याकडे सोपविण्यात आले. मॉस्कोचे कझान रेल्वेस्थानक व लाल चौकातील लेनिनची समाधी यांचा शिल्पज्ञ म्हणून तो विख्यात होता. झारच्या अमदानीत त्याने चर्चवास्तू बांधल्या होत्या. क्रांतीनंतरच्या बदलत्या अभिरुचींशीही त्याने सहज जुळवून घेतले होते. मलाया लुब्यांका रस्त्याचे चौकाकडील तोंड बंद करावे, दोन्ही इमारती जोडून घ्याव्यात व चौकाच्या पूर्ण रुंदीएवढी एकच भिंत उभारावी, अशी त्याची योजना होती. तीत शहराचा एक सार्वजनिक रस्ता मुख्यालयाच्या आत सामावून गेला. नव्या दर्शनी भागासाठी त्याने इटालियन प्रबोधनकाळातील राजवाड्यांचा आदर्श समोर ठेवला. खाली ग्रॅनाइटची जड बैठक, वर पिवळसर भिंत, तिच्यावर एकसारख्या अंतरावर बसविलेले सपाट अर्धस्तंभ व खिडक्यांच्या शिस्तबद्ध रांगा, अशी ही मांडणी आहे. मनोरे, मूर्ती व दुकानांची काचेची तावदाने नाहीशी झाली; मध्यभागी वरचे घड्याळ तेवढे राखण्यात आले. सर्वसामान्य माणसास आत काय चालते याची कल्पना येऊ नये व तरीही इमारतीचे वजन जाणवावे, हा हेतू या रचनेत पुरेपूर साधला आहे.

जर्मनीने जून १९४१ मध्ये आक्रमण केल्यामुळे काम रखडले. १९४४ मध्ये ते पुन्हा हाती घेण्यात आले व १९४७ पर्यंत इमारतीची उजवी बाजू नव्या रूपात पूर्ण झाली. डाव्या बाजूचे काम मात्र झालेच नाही. त्यामुळे पुढील सु. ३६ वर्षे जगातील एका अत्यंत शक्तिशाली पोलीस यंत्रणेचे मुख्यालय अर्धे नवे व अर्धे जुने असेच राहिले. उजवीकडे श्चुसेव्हची कठोर, सरळ रेषांची भिंत व डावीकडे विमा कंपनीच्या काळातील नक्षीदार कमानी व कंगोरे असलेली भिंत, असे हे दृश्य त्या काळातील छायाचित्रांत स्पष्ट दिसते. गुप्ततेसाठी ख्यात असलेल्या या संस्थेस आपल्या घराचा पूर्वेतिहास इतकी वर्षे झाकता आला नव्हता.

चौकाचे रूपांतर : इमारतीबरोबर भोवतालचा चौकही पालटत गेला. झेर्झिन्स्कीच्या निधनानंतर १९२६ मध्ये चौकास व बोल्शाया लुब्यांका रस्त्यास त्याचे नाव देण्यात आले. १९३४ मध्ये कितायगोरॉडच्या तटाचा येथील भाग, त्यातील व्लादीमिर दरवाजा व जवळचे पँटेलेमनचे प्रार्थनामंदिर पाडण्यात आले आणि व्हितालीचे कारंजे हलविण्यात आले. मे १९३५ मध्ये मॉस्कोच्या भुयारी रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा चौकाखालील स्थानकाचे नावही ‘झेर्झिन्स्काया’ असे ठेवण्यात आले. जून १९५७ मध्ये मुख्यालयाच्या शेजारी अलेक्सेई दुश्किनने आखलेले ‘देत्स्की मीर’ म्हणजे ‘मुलांचे विश्व’ हे सोव्हिएट संघातील मुलांच्या वस्तूंचे सर्वांत मोठे भांडार सुरू झाले. खेळणी घेण्यासाठी येणारी मुले व त्यांचे पालक यांना त्या पिवळसर भिंतीसमोरूनच जावे लागे. २० डिसेंबर १९५८ रोजी चौकाच्या मध्यभागी येव्हगेनी व्हुचेतिच या शिल्पकाराने घडविलेल्या झेर्झिन्स्कीच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले. कारंज्याभोवतीचा पाणक्यांचा चौक आता एका संघटनेचे प्रांगण बनला.

स्टालिनोत्तर काळ : स्टालिनच्या मृत्यूनंतर मार्च १९५४ मध्ये केजीबी या नावाने यंत्रणेची पुनर्रचना झाली. सामूहिक अटकसत्र थांबले व अंतर्गत तुरुंगाचा वापर कमी होत गेला. मे १९६० मध्ये सोव्हिएट हद्दीत पाडण्यात आलेल्या यू-२ या अमेरिकन हेरविमानाचा वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स हा तेथील अखेरच्या काळातील नामांकित कैद्यांपैकी एक होय. १९६० नंतरच्या दशकात हा तुरुंग बंद झाला. १९७२ मध्ये केजीबीचा परदेशी हेरगिरीचा विभाग मॉस्कोच्या नैर्ऋत्य सीमेवरील यासेनेव्हो येथील नव्या इमारतींत गेला. या विभागासाठी शहराबाहेर, झाडीत व नजरेआड असलेली जागा पसंत करण्यात आली. देशांतर्गत पाळत व सुरक्षा यांचा कारभार मात्र शहराच्या मध्यभागीच राहिला.

यूरी अँड्रॉपॉव्ह हा १९६७ ते १९८२ अशी पंधरा वर्षे केजीबीचा अध्यक्ष होता. त्याच्या कारकीर्दीच्या अखेरीस चौकाच्या दुसऱ्या बाजूस केजीबीची आणखी एक मोठी इमारत उभारण्यात आली व जुन्या मुख्यालयाच्या डाव्या बाजूचे रखडलेले काम हाती घेण्यात आले. १९८३ मध्ये ते पूर्ण होऊन श्चुसेव्हच्या आराखड्यातील सलग भिंत प्रथमच प्रत्यक्षात आली. त्या वेळी अँड्रॉपॉव्ह पक्षाचा सरचिटणीस होता. इमारतीला पूर्णत्व आल्यानंतर अवघ्या आठ वर्षांत ती ज्या राज्यासाठी सजविली गेली, ते सोव्हिएट राज्यच लयास गेले.

अभिलेख : लुब्यांकाच्या इतिहासात भिंतींइतकेच कागदांनाही महत्त्व आहे. प्रत्येक अटकेबरोबर झडतीत सापडलेली पत्रे, हस्तलिखिते व छायाचित्रे जप्त होत. प्रत्येक जबानीची नोंद होई आणि अनेक प्रकरणांच्या वेष्टनावर ‘कायम जतन करावे’ असा शिक्का उमटविला जाई. त्यामुळे माणसे नष्ट झाली, तरी त्यांच्या विनाशाची नोंद राहिली. गोर्बाचॉव्हच्या काळात १९८८ पासून दडपशाहीस बळी पडलेल्या लेखकांच्या वाङ्मयीन वारशाचा शोध घेण्यासाठी व्हिताली शेन्तालिन्स्कीच्या पुढाकाराने लेखकसंघाचे एक मंडळ काम करू लागले व त्यास काही प्रकरणांची कागदपत्रे पाहण्यास मिळाली. बुखारिनने कोठडीत लिहिलेली आत्मचरित्रात्मक कादंबरी व अन्य हस्तलिखिते अर्धशतकाहून अधिक काळ दडवून ठेवलेली होती. १९९२ मध्ये ती त्याच्या कुटुंबीयांच्या हाती आली व नंतर प्रसिद्ध झाली. बाबेलच्या जप्त केलेल्या हस्तलिखितांचा मात्र शोध लागला नाही. वालेनबेर्यचे पारपत्र व काही वैयक्तिक वस्तू १९८९ मध्ये त्याच्या नातेवाइकांस परत करण्यात आल्या. ऑक्टोबर १९९१ मधील पुनर्वसन कायद्याने दडपशाहीस बळी पडलेल्यांच्या वारसांना आपल्या आप्ताचे प्रकरण पाहण्याचा हक्क दिला. आजोबा किंवा वडील यांचे नेमके काय झाले, हे अनेक कुटुंबांना या कागदांवरूनच प्रथम कळले. कित्येकांना पूर्वी मृत्यूची खोटी तारीख व खोटे कारण कळविण्यात आले होते.

१९९१ नंतर : ३० ऑक्टोबर १९९० रोजी ‘मेमोरियल’ या संस्थेच्या प्रयत्नाने चौकाच्या कडेच्या बागेत राजकीय दडपशाहीच्या बळींचे स्मारक म्हणून एक ओबडधोबड शिळा बसविण्यात आली. उत्तरेकडील सलव्येत्स्की बेटांवर १९२३ मध्ये सुरू झालेल्या कुख्यात श्रमछावणीच्या जागेवरून ती आणलेली होती. त्याच सुमारास चौकास व भुयारी रेल्वेस्थानकास लुब्यांका हे जुने नाव परत मिळाले. ऑगस्ट १९९१ मध्ये गोर्बाचॉव्हविरुद्ध झालेल्या फसलेल्या उठावात केजीबीचा अध्यक्ष व्लादीमिर क्र्यूच्कोव्ह सामील होता. उठाव कोसळताच हजारो लोक चौकात जमले व त्यांनी झेर्झिन्स्कीचा पुतळा दोर लावून पाडण्याचा प्रयत्न केला. तो तसाच कोसळल्यास खालच्या भुयारी मार्गास धोका होता. म्हणून नगरशासनाने २२ ऑगस्ट रोजी रात्री याऱ्या आणून तो उतरविला. पुढे तो एका उद्यानात ठेवण्यात आला. इमारतीत मात्र जमाव शिरला नाही. डिसेंबर १९९१ मध्ये केजीबी विसर्जित झाली. परंतु तिच्या उत्तराधिकारी संस्था त्याच खोल्यांतून काम करू लागल्या.

यानंतरची तीन दशके चौकाच्या मध्यभागी कोणाचे स्मारक असावे, हा वाद रशियात पुन्हापुन्हा उद्‌भवला. २००२ मध्ये मॉस्कोचा महापौर यूरी लुझ्कोव्ह याने झेर्झिन्स्कीचा पुतळा पुन्हा उभारण्याची सूचना केली. ती अंमलात आली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये झेर्झिन्स्की व मध्ययुगीन राजा अलेक्सांद्र नेव्हस्की यांपैकी कोणाचा पुतळा बसवावा, याविषयी नागरिकांचे मत घेण्यास प्रारंभ झाला. परंतु समाजात तेढ वाढेल असे कारण देऊन महापौराने ते मध्येच थांबविले. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या पुतळ्याची एक प्रतिकृती यासेनेव्हो येथील परदेशी गुप्तवार्ता सेवेच्या आवारात उभारण्यात आली.

दुसरीकडे, २००७ पासून दरवर्षी २९ ऑक्टोबर रोजी सलव्येत्स्की शिळेपाशी ‘नावांचे पुनरागमन’ हा कार्यक्रम मेमोरियलतर्फे होऊ लागला. त्यात नागरिक रांगेने पुढे येऊन मॉस्कोत मारल्या गेलेल्यांची नावे, वय, व्यवसाय व मृत्युदंडाची तारीख मोठ्याने वाचीत. हा क्रम सकाळपासून रात्रीपर्यंत चाले व तरीही यादी संपत नसे. वाचल्या जाणाऱ्या नावांत अध्यापक, कारकून, शेतकरी, धर्मोपदेशक, कारागीर असे सर्व थरांतील लोक असत. साथीच्या कारणावरून २०२० पासून चौकातील हा कार्यक्रम बंद झाला. २८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेमोरियल संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. पुढील वर्षी तिला शांततेच्या नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला.

तुलना व महत्त्व : गुप्तवार्ता संघटनांच्या मुख्यालयांत लुब्यांकाचे स्थान अनेक दृष्टींनी वेगळे आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्थेसाठी व्हर्जिनिया राज्यातील लँग्ली येथे वॉशिंग्टनबाहेरच्या वनराईत मुद्दाम नवी वास्तू आखण्यात आली व १९५९ मध्ये अध्यक्ष आयझनहौअर यांनी तिची कोनशिला बसविली. ब्रिटनच्या गुप्तवार्ता सेवेची टेरी फॅरेलने आखलेली, टेम्स नदीकाठची इमारत १९९४ मध्ये रीतसर उघडण्यात आली. या दोन्ही वास्तू त्यांच्या संस्थांसाठीच आखलेल्या आहेत. लुब्यांकात याउलट मूळच्या नागरी वास्तूचा ताबा घेऊन, तिच्यात तुरुंगाची भर घालून, शेजारचा रस्ता गिळून व अखेरीस सर्वांवर एकच मुखवटा चढवून मुख्यालय घडविण्यात आले. इतरत्र कचेरी व कारागृह वेगळी असतात. येथे ती एकाच छपराखाली आली. माहिती गोळा करणे, आरोप ठेवणे, चौकशी करणे व बंदिस्त ठेवणे या क्रियांमध्ये न्यायसंस्थेने घालावयाचे अंतर तेथे वास्तूतही उरले नाही.

पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस संघटनेच्या बर्लिनमधील मुख्यालयाची तुलना या बाबतीत उद्‌बोधक आहे. १५ जानेवारी १९९० रोजी नागरिक तेथे शिरले आणि त्याच वर्षी त्यातील प्रमुखाच्या कार्यालयाचे संग्रहालय झाले. मॉस्कोत पुतळा हटला, कागदपत्रांचा काही भाग खुला झाला व शिळा बसविली गेली. पण इमारत ज्यांची होती त्यांच्याकडेच राहिली. मॉस्को शहरात दडपशाहीच्या बळींसाठी ‘शोकभिंत’ हे राष्ट्रीय स्मारक ३० ऑक्टोबर २०१७ रोजी उघडण्यात आले, तेही लुब्यांका चौकापासून दूर. चौकात मात्र पिवळसर भिंतीचे मुख्यालय, पुतळा हटविल्यानंतर मोकळी राहिलेली मधली जागा व कडेच्या बागेतील शिळा परस्परांच्या दृष्टिपथात आहेत. या वास्तूचे कागद कोणी वाचावेत आणि तिच्यातून गेलेल्यांची नावे कोणी व कोठे उच्चारावीत, हे प्रश्न रशियाच्या सार्वजनिक जीवनात अनिर्णित राहिले आहेत.